परक्या वस्तूशी शरीराचा समझोता

पायात बाभळीचा काटा मोडला तर शरीर त्याच्याशी दोन प्रकारे वागते. एक तर पू धरून ते त्याला बाहेर ढकलून देते. आणि ते जमले नाही तर त्याच्याभोवती चिवट तंतूंचे वेष्टन विणून त्याला उरलेल्या देहापासून वेगळे पाडते. बंदुकीची गोळी मांसात तशीच राहूनही पुढे अनेक वर्षे जगलेले सैनिक आढळतात, ते या दुसऱ्या युक्तीमुळेच. स्तनांचा आकार वाढवण्यासाठी, किंवा कर्करोगामुळे काढून टाकलेल्या स्तनाच्या जागी नवा उभार घडवण्यासाठी, छातीत सिलिकॉनची पिशवी बसवतात. तिला आता सर्वत्र इम्प्लांट म्हणूनच ओळखले जाते. तिच्याही बाबतीत शरीर हेच करते. ही पिशवी हाताला कशी लागेल, स्त्रीला स्वतःला आतून कशी जाणवेल आणि शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत होण्यास किती काळ लागेल, या प्रश्नांची उत्तरे पिशवीइतकीच तिच्याभोवतीच्या या वेष्टनातही दडलेली आहेत.

देहातील उणीव देहातूनच भरून काढावी, ही फार जुनी रीत होय. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ त्याच्याच कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले गेले. त्याची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातील शल्यवैद्य चकित झाले. स्तनाच्या बाबतीतही आरंभ असाच झाला. १८९५ साली जर्मनीत व्हिन्सेंट्झ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढल्यावर पडलेला खळगा तिच्याच अंगावरच्या चरबीच्या गाठीने भरला. त्यानंतर मात्र मोह झाला तो बाहेरच्या पदार्थांचा. पातळ केलेले पॅराफिन टोचण्याचा प्रयोग झाला, पुढे पातळ सिलिकॉनही टोचून पाहिले गेले. या पदार्थांना आवर घालणारी पिशवी नव्हती. ते मांसात पसरले, गाठी झाल्या, जखमा चिघळल्या.

द्रव पदार्थाला पिशवीत बंद करण्याची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन येथे फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन यांनी अमलात आणली. रक्ताने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी हातात दाबून पाहताना गेरो यांना ती स्तनासारखी लागली, असे सांगतात. १९६२ साली टिमी जीन लिंडसी या स्त्रीवर त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. ती खरे तर अंगावरचे गोंदण काढून घेण्यासाठी रुग्णालयात आली होती. डॉक्टरांनी सुचवल्यावर तिने, आपले पुढे आलेले कानही नीट करून मिळावेत या अटीवर, होकार दिला. अपरिचित वस्तू आयुष्यभरासाठी शरीरात बसवण्याचा निर्णय किती सहज होऊ शकतो, याचे हे पहिलेच उदाहरण ठरावे.

आजच्या पिशवीचे बाहेरचे कवच सिलिकॉनच्या लवचीक रबराचे असते. आत एकतर सिलिकॉनचा दाट, एकसंध लगदा असतो किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी. लगद्याची पिशवी दाबली तर ती हळूहळू दबते व हळूहळू मूळ आकारावर येते. स्तनाच्या ऊतींशी तिचे साम्य अधिक असते. पाण्याची पिशवी थोडी ताठ लागते आणि तिच्या कडेला सुरकुत्या हाताला जाणवू शकतात. ती फुटली तर एक-दोन दिवसांत सपाट होते आणि पाणी शरीरात निरुपद्रवीपणे शोषले जाते. लगद्याची पिशवी फुटली तरी लगदा बहुधा भोवतीच्या वेष्टनातच अडकून राहतो, म्हणून वर्षानुवर्षे पत्ताही लागत नाही. पिशवी कोणत्या थरात बसवली, यावरही पुष्कळ अवलंबून असते. अंगाने सडपातळ स्त्रीच्या कातडीखाली पुरेशी चरबी नसते. तिच्या बाबतीत पिशवी केवळ स्तनग्रंथीखाली ठेवली तर तिची कड बोटांना लागते. छातीच्या स्नायूखाली ठेवली तर कड झाकली जाते, परंतु पहिल्या आठवड्यातील वेदना वाढते आणि जोर लावून काही ढकलताना स्तन किंचित वर-बाजूला सरकताना दिसतो. थंड हवेत किंवा पोहून आल्यावर ही पिशवी आसपासच्या अंगापेक्षा गार लागते, कारण तिच्यात रक्त खेळत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. छातीवर जड वस्तू ठेवल्यासारखा दाब वाटतो, दीर्घ श्वास घेताना ओढ बसते, हात खांद्याच्या वर नेणे नकोसे होते. सकाळी उठताना ताठरपणा सर्वाधिक असतो. स्तन या काळात वर चढलेले, कठीण आणि चकाकत्या कातडीचे दिसतात. आरशात पाहून पुष्कळ स्त्रिया घाबरतात. तो अंतिम आकार नव्हे. सूज ओसरते, कातडी व स्नायू सैलावतात आणि सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतच्या काळात पिशवी खाली उतरून आपल्या जागी बसते. स्पर्शातील मऊपणा येण्यास सहा महिने, कधी वर्षही लागते. दोन बाजू एकाच वेळी उतरतीलच असे नाही.

या काळातील काही जाणिवा निरुपद्रवी असूनही भीतिदायक असतात. आत शिरलेली हवा व द्रव हलल्याने पहिल्या काही दिवसांत गुडगुड ऐकू येते. ताणलेल्या मज्जातंतूंमध्ये जाग येऊ लागली की विजेचा झटका बसल्यासारखी कळ क्षणभर येते आणि जाते. स्तनाग्राला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूची मुख्य शाखा चौथ्या बरगडीच्या पातळीवरून येते. ती ताणली गेली तर स्तनाग्र बधिर होते किंवा उलट वस्त्राचा स्पर्शही सोसवेनासा होतो. बहुतेकींच्या बाबतीत काही महिन्यांत हे सुधारते. काहींच्या बाबतीत बधिरता कायमची राहते, हे आधी सांगितले गेले पाहिजे. स्तनाखाली दोरीसारखी ताठ, दुखरी रेघ उमटली तर ती बहुधा त्वचेजवळच्या नीलेतील दाहाची खूण असते व काही आठवड्यांत आपोआप विरते. याउलट एकच बाजू काही तासांत झपाट्याने सुजून घट्ट होणे, ताप, लाली, जखमेतून पाझर, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे, ही त्याच दिवशी डॉक्टरांना गाठण्याची कारणे होत. आत रक्त साकळले असेल तर तेथे रात्रीचीही वाट पाहणे योग्य नव्हे.

रायपूरसारख्या शहरात या सर्व सूचनांना घरगुती रूप येते. उताणे, पाठीशी उशा लावून झोपायचे, तर तान्ह्या किंवा लहान मुलाने दुसऱ्याजवळ झोपले पाहिजे. मुलाला कडेवर घेणे चार ते सहा आठवडे बंद. पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, वरच्या फळीवरचे डबे, दळणाचा पिंप, यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून करायचे, कारण निश्चल पडून राहिले तर पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो. बसून करायचे हलके काम बहुधा आठवडाभरात जमते. दुचाकी चालवण्यासाठी मात्र वेदनाशामक गोळ्या थांबणे आणि अचानक ब्रेक दाबताना हात विनावेदना हलणे, या दोन्ही गोष्टी पूर्ण झालेल्या हव्यात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो तेव्हा छातीला आधार देणारी घट्ट चोळी दिवसरात्र घालणे अत्यंत कष्टाचे. घामाने टाक्यांच्या जागी पुरळ येते. हातात निवड असेल तर हिवाळा बरा. पुढून हुक असलेली चोळी व पोलके आधीच शिवून ठेवले तर डोक्यावरून कपडा ओढण्याचा त्रास वाचतो.

याच प्रदेशाशी निगडित दोन गोष्टींचा विचार भूल देण्यापूर्वी व्हायला हवा. छत्तीसगड व विदर्भ या पट्ट्यातील अनेक समाजांत सिकलसेलचा रक्तदोष आढळतो. हा आजार असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी प्राणवायूची कमतरता, थंडी किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून रक्ताची ती तपासणी आधीच करून घ्यावी. दुसरी गोष्ट गुडाखूची. तंबाखू व गूळ यांचा हा काळा लेप दातांना लावण्याची सवय छत्तीसगडमधील असंख्य स्त्रियांना आहे, आणि महाराष्ट्रातील मशेरीप्रमाणेच तिची गणना घरात कोणी व्यसनात करीत नाही. ‘तंबाखू खाता का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला त्या निःशंकपणे नाही म्हणतात. परंतु तंबाखूतील निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखमेच्या कडांना रक्त पुरत नाही, आणि नेमकी पिशवीवरची कातडीच सुकते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी गुडाखू सुटायला हवी. लाजेखातर लपवलेली ही एक गोष्ट सारी शस्त्रक्रिया वाया घालवू शकते.

आता पुन्हा त्या वेष्टनाकडे वळू. पहिल्या काही आठवड्यांत शरीर पिशवीभोवती पातळ, तलम कोश विणते. तो तसाच तलम राहिला तर स्तन मऊ लागतो. काहींच्या बाबतीत मात्र कोश जाड होतो, आवळत जातो आणि मऊ पिशवीला चेंडूसारखी कठीण करतो. पिशवी तीच असते. आवळणारी मूठ शरीराची असते. जेम्स बेकर या अमेरिकन शल्यवैद्यांनी या संकोचाच्या चार पायऱ्या ठरवल्या: पहिलीत स्तन नैसर्गिक लागतो, दुसरीत हाताला घट्टपणा कळतो, तिसरीत आकार डोळ्यांना बदललेला दिसतो, आणि चौथीत तो कठीण व वेदनामय होतो. आत साकळलेले रक्त व सौम्य जंतुसंसर्ग ही या संकोचाची ठळक कारणे मानली जातात. तो टाळावा म्हणून पिशवीचा पृष्ठभाग खरबरीत करण्याचा मार्ग निघाला. आणि त्या खरबरीत पिशव्यांच्या कोशातच, स्तनाच्या ऊतीत नव्हे, लसीकापेशींचा एक दुर्मिळ कर्करोग आढळू लागला. २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीने आपल्या तशा पिशव्या जगभरातून परत घेतल्या. शस्त्रक्रियेला वर्षे लोटल्यावर स्तन एकाएकी पाण्याने फुगला तर त्या पाण्याची तपासणी करावी लागते ती यासाठी.

पिशवीच्या इतिहासात फसवणूकही आहे. फ्रान्समधील पी.आय.पी. कंपनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले व तिच्या संस्थापकाला २०१३ मध्ये शिक्षा झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ साली सिलिकॉन लगद्याच्या पिशव्यांवर घातलेले निर्बंध २००६ साली उठवले, पण सोबत एक स्पष्ट इशाराही दिला: या पिशव्या जन्मभर टिकणाऱ्या नव्हेत. स्तनवर्धनासाठी त्या बसवलेल्या सुमारे पाचांपैकी एका, आणि पुनर्रचनेसाठी बसवलेल्या सुमारे दोघींपैकी एका स्त्रीला दहा वर्षांच्या आत त्या काढाव्या लागतात. लगद्याची पिशवी न फुटता शाबूत आहे ना, हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. तपासणी करावी, अशी त्या प्रशासनाची शिफारस आहे. पंचविसाव्या वर्षी निर्णय घेणाऱ्या तरुणीने म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेच्या खर्चासोबत दुसरीचाही हिशेब मांडावा.

कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेत हे प्रमाण जास्त का, याचे उत्तर बहुतांशी किरणोपचारांत आहे. किरणांनी कातडी ताठर होते, तिचा रक्तपुरवठा घटतो आणि कोशाचा संकोच वाढतो. अशा वेळी पुन्हा पुण्याच्या त्या नाकाचेच तत्त्व उपयोगी पडते: पाठीचा रुंद स्नायू कातडीसह पुढे वळवून, किंवा १९८२ साली कार्ल हार्ट्रॅम्प यांनी मांडलेल्या पद्धतीने पोटाखालच्या चरबीचा भाग वर घेऊन स्तन घडवता येतो. तो शरीराचाच असतो, त्याला कोशाची गरज नाही, उबही रक्ताचीच. मात्र शस्त्रक्रिया मोठी आणि व्रण दोन ठिकाणी.

रायपूरच्या स्त्रीपुढे एके काळी यासाठी प्रवासाखेरीज मार्ग नव्हता. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि आजार गंभीर झाला की रुग्णाला नागपूरला नेण्याची रीत पडली होती. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली सुघटन शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देशातील अशा आरंभीच्या विभागांपैकी तो एक. रायपुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ मध्ये एम्स आले. तरीही येथील मराठी कुटुंबांतून आजही अनेक जणी मुंबईला किंवा नागपूरला जातात, कारण तेथे मावशी असते, नणंद असते, शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर कोणी तरी स्वयंपाक करून वाढणारे असते. हे कारण गौण नव्हे. परंतु नागपूर ३०० किलोमीटरवर आहे, मुंबई अकराशेंवर. निचऱ्याची नळी काढून होईपर्यंत आणि जखम एकदा तपासून होईपर्यंत परतीचे तिकीट काढू नये. गाडीत खालचा बर्थ घ्यावा, सामान दुसऱ्याने उचलावे, तासा-दोन तासांनी डब्यातच चार पावले चालावे. आणि रायपुरातील एका शल्यवैद्याला निघण्यापूर्वीच भेटून ठेवावे. मध्यरात्री एक बाजू सुजली तर मुंबईचा दूरध्वनी पुरेसा पडत नाही.

इम्प्लांटसोबत एक छोटे कार्ड मिळते. त्यावर कंपनीचे नाव, पिशवीचा प्रकार, आकारमान घनसेंटिमीटरमध्ये आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो. पुढे मॅमोग्राफीच्या वेळी तंत्रज्ञाला पिशवी असल्याचे सांगावे लागते, कारण ती मागे सारून वेगळ्या कोनातून चित्रे घेतली नाहीत तर तिच्याआड दडलेली गाठ दिसत नाही. एखादी कंपनी आपला माल परत मागवते तेव्हाही याच अनुक्रमांकाचा शोध सुरू होतो. रुग्णालयातील कागद दहा-बारा वर्षांनी सापडतीलच असे नाही. हे कार्ड घरातील दागिन्यांच्या व जमिनीच्या कागदांसोबत ठेवावे, आणि ते कोठे आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे.