गोठ्याची वीज : स्वतंत्र वितरण पेटीची गरज

दुग्धव्यवसायाबरोबर घरामागील गोठ्यात कडबाकुट्टी आली. वीज मात्र अनेकदा घरातील दिव्याच्या तारेवरूनच नेली जाते. 2 अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर 1.5 किलोवॅटहून अधिक वीज घेते आणि सुरू होताना कित्येक पट प्रवाह खेचते. परिणामी बारीक तार तापते, दाब घटतो. ओल्या जमिनीत वीज झिरपल्यास जनावराच्या पुढील व मागील पायांतील दाबाचा फरक प्राणघातक ठरू शकतो.

यावर उपाय म्हणजे मुख्य पेटीतून पुरेशा जाडीची स्वतंत्र केबल आणि गोठ्यात दुसरी वितरण पेटी. तीत प्रत्येक सर्किटला एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी व पक्के अर्थिंग हवे. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे व वाढीव भार मंजूर करून घ्यावा. पेटीचा खर्च एकदाच होतो. दुभते जनावर दगावले, तर अल्पभूधारक कुटुंबाचे दैनंदिन उत्पन्नच थांबते.