सजीवांच्या जीवरसायनात टंगस्टनचे स्थान

प्रस्तावना :
विजेच्या दिव्यातील तार म्हणून टंगस्टन हा धातू विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. या स्वीडिश नावाचा अर्थ ‘जड दगड’ असा होतो. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव परिसरातील खडकांत टंगस्टनची खनिजे आढळली आहेत. अशा धातूचा सजीवांशी संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सूक्ष्मजीवांतील कार्य :
जैविक कार्य ज्ञात असलेल्या मूलद्रव्यांत टंगस्टन (अणुअंक 74) सर्वांत जड होय. पायरोकॉकस फ्युरिओसस हा सूक्ष्मजीव सागरी उष्ण गाळात, सुमारे 100 अंश सेल्सिअस तापमानाला वाढतो. अल्डिहाइडचे आम्लात रूपांतर करणाऱ्या त्याच्या एका विकराची रचना 1995 साली उलगडली. त्यात टंगस्टनचा अणू टेरिन नावाच्या दोन रेणूंनी, त्यांतील गंधकाच्या साहाय्याने, धरून ठेवलेला असतो. माणसाच्या आतड्यातील काही जीवाणूही अशा विकरांद्वारे घातक अल्डिहाइड निष्प्रभ करू शकतात, असे 2021 च्या संशोधनात दिसून आले.

मॉलिब्डेनमशी नाते :
आवर्तसारणीत टंगस्टनच्या बरोबर वर मॉलिब्डेनम (अणुअंक 42) आहे. दोघांचे आकारमान व रासायनिक वर्तन बरेच जुळते. आदिलाबाद जिल्ह्यातील सोयाबीन व तूर ही पिके आपण पाहतो. त्यांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नायट्रोजन स्थिर करणाऱ्या विकरात मॉलिब्डेनम असते. वनस्पतींच्या नायट्रेट रिडक्टेज या विकरातही तेच असते. तेथे मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन बसल्यास विकर निष्क्रिय होते. म्हणजे कुलपात किल्ली शिरते, पण कुलूप उघडत नाही. 1970 च्या दशकात उंदरांना टंगस्टन दिले असता त्यांच्या यकृतातील सल्फाइट ऑक्सिडेज हे विकरही असेच निकामी झाले.

ऑक्सिजनविरहित, उष्ण व गंधकयुक्त परिसरात टंगस्टन अधिक सहज उपलब्ध होते. हवेत ऑक्सिजन वाढल्यावर मॉलिब्डेनम पाण्यात विरघळू लागले व बहुतेक सजीवांनी त्याचा स्वीकार केला, असे मत अभ्यासक मांडतात.

निष्कर्ष :
एकाच धातूवर काही सूक्ष्मजीव जगतात, तर वनस्पती व प्राणी यांच्या विकरांत तो अडथळा ठरतो. मानवी शरीराला टंगस्टनची गरज असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून त्याला पोषक द्रव्य मानता येणार नाही. ‘आवश्यक’ व ‘विषारी’ हे शब्द वर्गात शिकविताना ‘कोणासाठी?’ आणि ‘किती प्रमाणात?’ हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावेत.