जीव नकोसा होणें : लक्षणें व उपाय

पिकावर रोग दिसतांच पान खुडून कृषि-अधिकाऱ्याकडे धांव घेणारा आमचा शेतकरी स्वतःच्या मनाचें दुखणें मात्र घरच्या माणसांसही सांगत नाहीं. नापिकी, कर्ज, आजार, व्यसन यांचा भार एकवटला म्हणजे ‘आपण नसलों तर बरें’ असा विचार मनांत येऊं लागतो. हा भ्याडपणा नव्हे. पुष्कळदां तें दुखण्याचें लक्षण असतें, आणि त्या दुखण्यावर उपाय आहेत.

झोप उडणें, अन्नावरची वासना जाणें, गुराढोरांकडेही लक्ष न लागणें, दारू वाढणें, निरवानिरवीची भाषा बोलणें, ‘माझा सर्वांस भार होतो’ असें म्हणणें, हीं लक्षणें दिसल्यास सरळ विचारावें कीं, ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ विचारल्यानें तो विचार मनांत भरतो हा समज खोटा आहे. विचारणारा भेटला म्हणजे पुष्कळांचें मन हलकें होतें. ‘होय’ असें उत्तर आल्यास त्यास एकटें सोडूं नये.

या विचाराचा जोर बहुधा थोडा वेळ टिकतो. तेवढा वेळ निभावला तर माणूस वांचतो. म्हणून फवारणीचीं औषधें घरांत न ठेवतां कुलपांत ठेवावीं व किल्ली दुसऱ्यापाशीं द्यावी. श्रीलंकेनें अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९९५ ते २०१५ या काळांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं उतरलें.

उपचार दुहेरी असतात : समुपदेशन व औषधें. उदासीनतेवरील औषधांचा गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात. तीं डॉक्टरांस न विचारतां बंद करूं नयेत. त्यांचें व्यसन लागत नाहीं. संकटाच्या वेळीं कोणास हांक मारावयाची, याची यादी समुपदेशक रुग्णाबरोबर बसून करून देतात.

पोलिसांच्या भयानें दवाखाना टाळूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा माणसाची शुश्रूषा व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य ठरविलें, आणि १ जुलै २०२४ पासून जुनें ३०९ कलमही उरलें नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींत बोलतां येतें.

औषधानें कर्ज फिटत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सावकाराशीं वा बँकेशीं बोलण्यास माणूस आधीं उभा राहिला पाहिजे. सभासदांस आमची विनंति एवढीच कीं, या महिन्यांत आपल्या शिवारांतील जो गप्प झाला असेल त्याच्या बांधावर जाऊन बसावें.