कोळंबीचे टरफल आणि जनुकाची गोळी

जनुक-उपचार हा शब्द आता आपल्या वस्त्यांतही ऐकू येतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आदिवासींत जसे आहेत, तसेच बौद्ध व इतर अनुसूचित जातींतही आहेत. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीची बहीण सिकलसेलने आजारी आहे. तिने विचारले, "सर, निरोगी जनुक गोळीतून का देत नाहीत?"

जनुक म्हणजे डीएनएचा तुकडा, आणि डीएनएवर सर्वत्र ऋणभार असतो. पोटात गेल्यावर जठरातील तीव्र आम्ल त्याची मोडतोड करते. त्यातून जे उरते ते स्वादुपिंडाच्या रसातील विकरे चिरून टाकतात. समजा, त्यातूनही काही वाचले. तरी पेशीचे आवरणही ऋणभारित असल्याने ते त्याला दूरच लोटते. तेव्हा जनुकाला वाहक हवा. आजच्या जनुक-उपचारांत हे काम बहुधा निरुपद्रवी केलेले विषाणू करतात, पण ते तोंडावाटे देता येत नाहीत.

येथे कोळंबी येते. कोळंबी व खेकडा यांच्या कवचात कायटिन नावाचे नैसर्गिक बहुवारिक, म्हणजे पॉलिमर असते. टरफलातील चुना आम्लाने काढायचा, प्रथिने सौम्य अल्कलीने काढायची, मग तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवायचे, की कायटिनवरील ॲसिटिल गट सुटतात आणि कायटोसान मिळते. अल्कलीची ही क्रिया रूझे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच नोंदवली होती. कोळंबी सोलणाऱ्या बायांच्या हातून जे कचऱ्यात पडते, तेच शुद्ध होऊन प्रयोगशाळेत येते तेव्हा त्याचा भाव ग्रॅमवर लागतो!

कायटोसानवरील अमिनो गट आम्लात धनभारित होतात. ऋणभारित डीएनए त्यांना चिकटतो, आणि दोघांची अतिसूक्ष्म पुडी बांधली जाते. १९९९ मध्ये अमेरिकेत रॉय, लिऑंग व सहकाऱ्यांनी शेंगदाण्यातील एका प्रथिनाचे जनुक अशा पुडीतून उंदरांना खाऊ घातले. पुढे त्याच उंदरांत शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी सौम्य झालेली दिसली. २००८ मध्ये लिऑंग यांच्याच गटाने हिमोफिलियाच्या उंदरांना रक्त गोठवणाऱ्या घटक ८ चे जनुक तोंडावाटे दिले. काहींत रक्त गोठण्यात सुधारणा झाली.

मग अडते कुठे? आतड्यात आम्लता ओसरते तसा कायटोसानचा धनभारही ओसरतो आणि पुडी सैल होते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याच्या नायट्रोजनवर तीन मिथिल गट बसवतात. हा भार मग आम्लतेवर अवलंबून राहत नाही. कुणी गंधकाचे गट जोडतात, म्हणजे आतड्याच्या बुळबुळीत अस्तराला पुडी चिकटून राहते. परंतु पुडी फार घट्ट झाली तर पेशीत गेल्यावर ती सुटतच नाही. ही ओढाताण अजून मिटलेली नाही, आणि उंदराचे आतडे म्हणजे माणसाचे नव्हे.

त्या मुलीला मला खरे तेच सांगावे लागले. आतड्याच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात. त्यांनी घटक ८ बनवून रक्तात सोडला तर थोडे दिवस का होईना, उपयोग होतो. सिकलसेलचा दोष मात्र अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या लाल पेशींतला. डीएनएतील एकच अक्षर बदललेले. आतड्यात पोचलेली पुडी तिथवर जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या उपचारात रुग्णाच्या मूळ पेशी शरीराबाहेर काढून दुरुस्त करतात. त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक. कोणाच्या रोगावर संशोधन होते आणि उपचार कोणाच्या दारात पोचतो, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या पुस्तकात नसतो. तो आपणच विचारला पाहिजे.

गोळी म्हणावी अशी एक गोष्ट सिकलसेलसाठी आहेच : हायड्रॉक्सियुरिया. ती जनुक बदलत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवून वेदनेचे झटके कमी करते, आणि ती स्वस्त आहे. तेवढी तिच्या बहिणीला डॉक्टरच्या देखरेखीखाली नियमित मिळते काय, हे मी विचारले. ती म्हणाली, "कधी मिळते, कधी संपलेली असते."