तळ्यातील गाळाची साक्ष

सिंधू संस्कृती लयास का गेली, या प्रश्नाला वर्गात बहुधा एकाच वाक्यात उत्तर दिले जाते: पाऊस कमी झाला. हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे शिक्षकाला माहीत असणे आवश्यक आहे. त्या पुराव्याचा एक भाग राजस्थानातील खाऱ्या सरोवरांच्या गाळात आहे.

वनस्पतींचे परागकण वाऱ्याबरोबर तळ्यात पडतात व गाळात गाडले जातात. परागकणाचे कवच अत्यंत चिवट असते. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षे टिकते. नळी खोल रोवून गाळ काढला की जुने थर खाली व नवे वर, असे क्रमाने हाती येतात. प्रयोगशाळेत आम्लांनी मातीचा अंश विरघळवून उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. गवत किती, वृक्ष किती, पाणवनस्पती किती, यावरून त्या काळच्या पावसाचा अंदाज बांधता येतो. कोळशाचे सूक्ष्म कण आगीची साक्ष देतात. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये परागकणांच्या टक्केवारीची ही पद्धत मांडली.

डॉ. गुरदीप सिंग यांनी सांभर, डिडवाणा व लूणकरणसर येथील गाळ याच रीतीने तपासला. सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या थरांपासून धान्यासारखे परागकण व कोळसा आढळल्यावरून, माणसाने झुडपे जाळून शेती आरंभली असावी, असे त्यांनी सुचविले. मात्र काही रानगवतांचे परागकणही तसेच मोठे असतात आणि वणवा आपोआपही लागतो. सिंधू संस्कृतीच्या भरभराटीचा काळ अधिक पावसाचा होता, असेही त्यांनी १९७१ मध्ये प्रतिपादन केले.

१९९९ मध्ये येहुदा एन्झेल व सहकाऱ्यांनी लूणकरणसरच्या थरांचे नव्याने कालमापन प्रसिद्ध केले. कार्बन पद्धतीची वर्षे व पंचांगाची वर्षे तंतोतंत जुळत नाहीत. तो फरक दुरुस्त केला असता हे सरोवर सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीच आटले होते, असे दिसते. हडप्पा नगरांच्या वैभवाचा काळ इ.स.पू. २६०० ते १९०० हा होय. म्हणजे सरोवर आटल्यावर जवळजवळ हजार वर्षांनी ही नगरे बहरली!

म्हणून पावसाचा संबंधच नव्हता, असेही म्हणता येत नाही. हरियाणातील कोटला डहर येथील गोगलगायींच्या शंखांच्या अभ्यासात (२०१४) सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मान्सून दुर्बळ झाल्याचे दिसून आले.

परागकण खोटे बोलले नाहीत. हस्तलिखिताचा मजकूर अस्सल असूनही त्याचा काळ चुकीचा धरला, तर त्यावरून काढलेला इतिहास चुकतो. तसेच हे आहे. विद्यार्थ्यांना तीन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सवय लावावी: काय सापडले, ते केव्हाचे, आणि त्यावरून काय सिद्ध होते? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे तिसऱ्याचे मिळाले, असे होत नाही.