शाळेचे मैदान आणि फुटबॉलची अकादमी



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर खेळ हा विषय क्वचितच येतो. साहित्य, इतिहास, समाजकारण यांना जे स्थान सहज मिळते ते खेळाला मागून घ्यावे लागते. तरीही ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर केले ते एकच काम : मुलातील गुण वेळीच ओळखणे आणि तो वाया जाऊ न देणे. व्यावसायिक फुटबॉलच्या अकादमी आज हेच काम आपण करतो असे सांगतात. त्या ते कसे करतात, त्यात मुलाचे हित किती, आणि शाळेचे कर्तव्य कोठे सुरू होते व कोठे संपते, याचा विचार आपल्यापुढे मांडावा, असे मी योजिले आहे.

हा विषय अंबरपेठेत मांडण्यास विशेष औचित्य आहे. एका बाजूस उस्मानिया विद्यापीठ, दुसरीकडे काचीगुडा, आणि मध्ये पोलीस लाइन, असा आपला हा परिसर. हैदराबादच्या फुटबॉलचा इतिहास या तीन ठिकाणांना वगळून सांगताच येत नाही. सय्यद अब्दुल रहीम उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि त्याच विद्यापीठाच्या संघातून खेळले. पेशाने ते शिक्षक. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये आणि पुढे शहरातील इतर शाळांमध्ये त्यांनी अध्यापन केले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद स्वीकारले, आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकविले. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. कूपरेज मैदानावर त्या काळी हैदराबादचा संघ उतरला की मुंबईकर प्रेक्षकही त्याच्या छोट्या, अचूक पासांचे कौतुक करीत. पुढे रहीमसाहेबांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक त्याने मिळविले. कर्करोगाने जर्जर झालेले रहीमसाहेब त्यानंतर वर्षभरही जगले नाहीत. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा अनेक तरुणांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

मला येथे भर द्यावयाचा आहे तो पदकांवर नव्हे. एक शाळामास्तर हे कसे घडवू शकला, हा माझा प्रश्न आहे. त्याच्याजवळ वसतिगृह नव्हते, आहारतज्ज्ञ नव्हता, चलच्चित्रण यंत्र नव्हते. होते ते तीन गोष्टींचे ज्ञान.

पहिली गोष्ट : मूल खेळता खेळता शिकते, मात्र खेळाची रचना शिक्षकाने करावयाची असते. रहीमसाहेबांनी कमी खेळाडूंच्या लहान मैदानावरील स्पर्धा, चेंडू घोळवत न ठेवता लगेच पुढे देण्याच्या स्पर्धा, केवळ कमकुवत पायाने खेळावयाच्या स्पर्धा असे प्रयोग केले. त्यामागील तर्क सोपा आहे. अकरा विरुद्ध अकरा अशा सामन्यात लहान मुलाच्या पायाशी चेंडू फार थोडा वेळ येतो. चार विरुद्ध चार अशा खेळात तोच चेंडू वारंवार येतो, निर्णय वारंवार घ्यावा लागतो, चूक होते आणि पुढच्याच क्षणी ती सुधारण्याची संधीही मिळते. आज युरोपातील अकादमी लहान वयोगटांसाठी जी पद्धत वापरतात तिचे मूलतत्त्व याहून वेगळे नाही.

दुसरी गोष्ट : गुण शोधावयाचा तर शोधणाऱ्याने मुलाच्या दारापर्यंत जावे लागते. तुळशीदास बलराम हे सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुड्याच्या गरीब घरातील मुलगा. रहीमसाहेबांनी त्यांना स्थानिक सामन्यात पाहिले आणि सरावाला बोलाविले. पण रोज हैदराबादेला यावयाचे तर प्रवासाला पैसे नव्हते. तेव्हा भाड्याच्या सायकलीची सोय रहीमसाहेबांनीच केली, असे बलराम यांनी पुढे सांगून ठेवले आहे. मेलबर्न, रोम आणि जकार्ता या तिन्ही ठिकाणी हा खेळाडू भारताकडून खेळला. सायकलीच्या भाड्याअभावी तो अम्मुगुड्यातच राहिला असता, तर आपले काय गमावले हे आपल्याला कधी कळलेही नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सिटी पोलीस संघात निवड होणे म्हणजे नोकरी लागणे होते. खेळाडूचा गुडघा गेला, वेग मंदावला, तरी पगार थांबत नसे. त्यामुळे गरीब बाप मुलाला मैदानावर पाठविताना घाबरत नसे. खेळाच्या अनिश्चिततेवर नोकरीचे छत्र होते. आजच्या अकादमीची तुलना करताना हे छत्र आपण विसरता कामा नये.

आता आजची अकादमी म्हणजे काय ते पाहू. जगात या संस्थेचे एक प्रसिद्ध रूप बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ या जुन्या शेतघरात २०११ पर्यंत दिसत होते. १९७९ पासून तेथे बाहेरगावची मुले राहून शिकू लागली. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने १९८८ मध्ये क्लेरफोंतेन येथे केंद्र उभारले. तेथे तेरा ते पंधरा वर्षांची मुले आठवडाभर राहत, नेहमीच्या शाळेत शिकत, आणि आठवड्याच्या शेवटी घरी जाऊन आपापल्या क्लबाकडून खेळत. थिएरी ऑन्री आणि किलियन एम्बापे यांची वाट येथूनच गेली. आपल्या देशात १९८७ साली जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमी स्थापन झाली आणि निवासी प्रशिक्षणाचा पाया घातला गेला.

आपल्या मराठी मुलखातील वाटही पाहण्यासारखी आहे. कोल्हापुरात फुटबॉल पेठेच्या तालमींनी वाढविला. पाटाकडील, दिलबहार या तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा अवघे शहर दोन बाजूंनी विभागले जाते. येथे मूल ‘निवडले’ जात नाही. ते ज्या गल्लीत जन्मते त्या गल्लीचा संघ त्याचा असतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे पुणे एफसीच्या अकादमीत तयार झाला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात निवडला गेला, आणि २०२१-२२ च्या हंगामात इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबाद एफसीच्या संघात होता. पेठेने गोडी लावली, शासनाच्या वसतिगृहाने शिस्त दिली, क्लबने व्यवसाय दिला. यांपैकी एकही दुवा निखळला असता तर साखळी तुटली असती.

साखळी तुटते कशी, हेही हैदराबादनेच पाहिले आहे. मोहम्मद हबीब, सय्यद नईमुद्दीन, शब्बीर अली यांसारखे येथील गुणी खेळाडू कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांनी नेले. त्यात त्या खेळाडूंचे भलेच झाले. पण पुढच्या पिढीला समोर पाहून शिकावे असा आदर्श शहरात उरला नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेला हैदराबाद एफसी हा क्लबही तीन वर्षांत विजेता झाला आणि २०२५ मध्ये दिल्लीला हलविला गेला. क्लब उठून जाऊ शकतो. शाळा जाऊ शकत नाही. म्हणूनच मुलाच्या जडणघडणीचा कायमचा भार शाळेवर आणि मोहल्ल्यावर पडतो.

अकादमीची निवड नेमकी कोठे चुकते, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. वयोगटाची गणना बहुधा १ जानेवारीपासून होते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. दोघांत जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. बाराव्या वर्षी हे अंतर मोठे असते. मोठा मुलगा उंच, वेगवान, दमदार दिसतो आणि निवडणारा त्यालाच गुणवान समजतो. कॅनडातील बर्फावरील हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा दोष शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, आणि फुटबॉलमध्येही तो वारंवार आढळला आहे. त्यात भर पडते ती शरीराच्या वाढीची. मुलगे साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात, पण कोणी आधी, कोणी नंतर. या काळात हाडांची टोके कोवळी असतात. गुडघ्याखाली वा टाचेला दुखू लागते. कालपर्यंत सफाईने खेळणारा मुलगा अडखळू लागतो. जाणता प्रशिक्षक अशा वेळी सरावाचा भार कमी करून थांबतो. अजाणता प्रशिक्षक मुलालाच काढून टाकतो. इंग्लंडमध्ये काही अकादमींनी जन्मतारखेऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून सामने भरविले, ते याच दोषावरील उपाय म्हणून.

याचीच दुसरी बाजू म्हणजे वय लपविण्याचा मोह. जन्मदाखल्यावर दोन वर्षे कमी केली की मुलगा लहान गटात उठून दिसतो. मनगटाच्या चित्रावरून हाडांचे वय तपासण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पण खरी हानी त्याआधीच झालेली असते : ज्या मुलाची जागा गेली त्याची, आणि खोट्या वयावर उभ्या राहिलेल्या मुलाचीही. शाळेच्या दप्तरातील जन्मतारीख हा या व्यवहारातील एक महत्त्वाचा पुरावा आहे. तो निष्कलंक ठेवणे हेही क्रीडाकार्यच होय.

आता थोडे अर्थकारण. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या देशातील क्लबात मोबदला घेऊन जातो तेव्हा, जागतिक महासंघाच्या नियमाप्रमाणे, त्या रकमेचा पाच टक्के भाग त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडविणाऱ्या क्लबांत वाटला जातो. रक्कम एक कोटी रुपये असेल तर पाच लाख वाटले जातील : बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षासाठी पंचवीस हजार, सोळा ते तेवीस या वयातील प्रत्येक वर्षासाठी पन्नास हजार. हा वाटा नोंदणीकृत क्लबला मिळतो. ज्या शाळेने मुलाला प्रथम चेंडू दिला ती संलग्न क्लब नसेल, तर तिला काहीच मिळत नाही. मी ही तक्रार म्हणून सांगत नाही. शिक्षकाने वाटा मागावा असे मला वाटत नाही. परंतु शाळा आणि माजी विद्यार्थी मिळून आपला छोटा क्लब रीतसर नोंदवू शकतात, मुलांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवू शकतात. आलेला पैसा पुढच्या मुलांच्या बुटांवर खर्च होईल.

आता उरतो तो प्रसंग, जो अंबरपेठेतील कोणत्याही घरावर येऊ शकतो. एक दिवस कोणी येऊन म्हणतो, “तुमचा मुलगा आमच्या अकादमीत द्या.” घर हर्षभरित होते. अशा वेळी पालकांनी शांतपणे पुढील गोष्टी विचाराव्यात. अकादमी राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची आहे का? मुलगा वर्षभरात किती खरे सामने खेळेल? तो कोणत्या शाळेत, किती तास शिकेल, आणि परीक्षेच्या काळात काय व्यवस्था असेल? दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा? पैसे अकादमी देणार की पालकांकडून घेणार? करार किती वर्षांचा, आणि तो वाचून समजावून देणारा कोणी आहे का? वसतिगृहात मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर? आणि शेवटी, मुलाला परत पाठविले तर त्याला कोण, कोणत्या शब्दांत सांगणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जी अकादमी देऊ शकत नाही, तिच्याकडे मूल सोपवू नये.

कारण हे निष्ठुर सत्य लपवून चालणार नाही : अकादमीत जाणाऱ्या मुलांपैकी फार थोडी मुले व्यावसायिक खेळाडू होतात. बाकीची सोळाव्या-सतराव्या वर्षी परततात. मित्र पुढच्या वर्गात गेलेले असतात, पुस्तके मागे राहिलेली असतात, आणि ज्या नावाने सारा मोहल्ला हाक मारी ते ‘खेळाडू’ हे नावही गेलेले असते. सिटी पोलीस संघाच्या काळातील नोकरीचे छत्र आता पूर्वीसारखे नाही. त्याच्या जागी दुसरे छत्र उभे करावयाचे तर ते शिक्षणाचेच असू शकते. म्हणून माझी शाळेला नम्र विनंती आहे. अकादमीत गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी एका शिक्षकाने वर्षातून काही वेळा संपर्क ठेवावा. त्याच्या परीक्षेची, गरज पडल्यास मुक्त विद्यालयाच्या मार्गाने, तजवीज करावी. आणि तो परतला तर पराभूत म्हणून नव्हे, आपला विद्यार्थी म्हणून त्याला वर्गात बसवावे. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, लहान मुलांच्या चार विरुद्ध चार स्पर्धा दरवर्षी भरवाव्यात, मुलींसाठीही भरवाव्यात. निजामाबादची सौम्या गुगुलोथ भारताच्या महिला संघातून खेळते; तेव्हा तेलंगणाच्या मुलींना हे जमणार नाही, असे म्हणण्यास आता कोणालाही आधार नाही.

गुण देवाघरून येतो, असे आपण म्हणतो. तो येत असेलही. पण त्याचा सांभाळ माणसांनाच करावा लागतो. रहीमसाहेब प्रथम शिक्षक होते आणि नंतर प्रशिक्षक, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. ज्या अकादमीत हा क्रम पाळला जातो तिच्या हाती मूल निर्धास्तपणे द्यावे. जेथे तो उलटला आहे तेथे शाळेने मुलाचा हात सोडू नये.