डोंगरावर कॉलेज बांधायचं तर आडवं की उभं?

मी साताऱ्याचा, बी.टेक. केलं सांगलीत. सांगलीत जमीन सपाट, भीती कृष्णेच्या पुराची. आमच्याकडं भीती उताराची. म्हणून आज एक साधं गणित.

समजा, ५ मीटर पुढं गेलं की १ मीटर चढ, असा उतार आहे. इमारत ६० मीटर लांब, १२ मीटर रुंद. ती चढाच्या दिशेनं उभी ठेवली, तर दोन टोकांत १२ मीटरचा फरक, म्हणजे जवळपास चार मजले! डोंगराला आडवी ठेवली, तर फक्त २.४ मीटर. खोदाई कमी, भराव कमी. आपले शेतकरी ताली अशाच आडव्या घालतात की!

दुसरी गोष्ट पाणी. मुरलेलं पाणी संरक्षक भिंतीमागं तुंबलं की दाब वाढतो. म्हणून भिंतीत भोकं आणि वरच्या अंगाला चर हवाच. ते पाणी वाया घालवायचं कशाला? कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आवारातल्या तळ्यांत पावसाचं पाणी साठवतं.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, माणसं गेली. मुसळधार पावसात डोंगर काय करतो, ते आपण पाहिलंय. त्यामुळं कुठल्याही कॅम्पसचा नकाशा दिसला, की आधी विचारा: पाणी कुठून जाणार?